घरी केलेल्या जवसाच्या जेलला आणि कोरफडीच्या स्प्रेला बुरशी येऊ नये म्हणून काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जवसाची जेल आणि कोरफडीच्या गराचा केसांचा स्प्रे तुम्ही घरी करता. दोन्हींत व्हिटॅमिन ई आणि टी ट्री तेलाचे थेंब घालता, बाटली उकळून घेता, तरी आठ-दहा दिवसांत वास येतो आणि वर काळे ठिपके दिसतात. चुकतंय कुठे, आणि ‘केमिकल’ न घालता हे टिकवता येईल का?

मी मायक्रोबायोलॉजी शिकले आहे आणि केसांसाठी लागणारं बरंचसं घरीच करते, त्यामुळे आडवळण न घेता सांगते. ज्या वस्तूत पाणी आहे ती एक तर फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवायची, नाहीतर तिच्यात खरं प्रिझर्व्हेटिव्ह मोजून घालायचं. यातला मधला रस्ता धोक्याचा, आणि तुम्ही सध्या त्याच रस्त्यावर आहात.

जंतूंना वाढायला मोकळं पाणी लागतं. ते शून्य ते एक या मापात मोजतात. शुद्ध पाणी म्हणजे १. बहुतेक जिवाणू ०.९ च्या खाली वाढत नाहीत. बुरशी जास्त चिवट, ती साधारण ०.८ ते ०.७ पर्यंत तग धरते. ०.६ च्या खाली कुणाचंच काही चालत नाही. म्हणून नुसतं तेल, मेणाचा बाम किंवा कोरडी पूड यांना प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही, फक्त त्यांत पाण्याचा थेंब जाता कामा नये. जवसाची जेल मात्र जवळजवळ सगळी पाणीच, वर त्यात साखरेच्या लांबच लांब साखळ्या आणि थोडी प्रथिनं. जंतूंसाठी वाढून ठेवलेलं ताटच ते. कोरफडीच्या गराचंही तेच.

आता तुमचे दोन उपाय. व्हिटॅमिन ई तेल खवट होण्यापासून वाचवतं, कारण खवटपणा हवेतल्या ऑक्सिजनमुळे येतो आणि व्हिटॅमिन ई त्याला अटकाव करतं. जिवाणू-बुरशीवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. टी ट्री तेलात जंतू मारण्याचे गुण खरोखर आहेत, पण ते पाण्यात विरघळत नाही. तुमच्या स्प्रेत ते वर तरंगतं आणि जंतू खाली पाण्यात मजेत वाढतात. ते नीट मिसळून, पुरेसं काम करेल इतकं घालायचं म्हटलं तर त्वचेला सोसेल त्याच्या पलीकडे जातं. जुनं, हवा लागलेलं टी ट्री तेल तर ॲलर्जीसाठी चांगलंच कुप्रसिद्ध आहे.

‘नैसर्गिक प्रिझर्व्हेटिव्ह’ म्हणून ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क कुणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच सांगते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात बाजारातले असे सहा अर्क तपासले होते. पाच अर्कांनी जंतू रोखले आणि त्या पाचही अर्कांत बेंझेथोनियम क्लोराइडसारखी कृत्रिम जंतुनाशकं सापडली. सहाव्यात अशी भेसळ नव्हती, आणि त्याने जंतूही रोखले नाहीत.

उकळण्याबद्दलही एक गैरसमज आहे. उकळीने जिवंत जिवाणू मरतात, पण काही जिवाणूंचे बीजाणू (जाड कवचातली त्यांची झोपलेली रूपं) १०० अंश सेल्सिअसलाही टिकतात आणि जेल कोमट झाली की जागे होतात. शिवाय खरी घाण बहुतेक वेळा उकळल्यानंतर आत जाते. जवसाची जेल करताना नेमकं काय होतं ते आठवा. पाण्याला तार सुटते, आपण गॅस बंद करतो आणि जेल गाळायला घेतो. ती कापडातून चटकन उतरत नाही, मग थोडी निवू देतो आणि हाताने पिळतो. ते कापड आधीच्या वेळी धुऊन कुठेतरी अर्धवट ओलं वाळलेलं असतं, हात नळाखाली नुसते विसळलेले असतात आणि जेल अगदी जंतूंना मानवेल इतकी कोमट असते. म्हणून जेल फार घट्ट होऊ देऊ नका, तार सुटायला लागली की गरम असतानाच स्टीलच्या गाळणीतून ओता. गाळणी त्याच वेळी उकळत्या पाण्यातून काढा. पिळायचंच असेल तर नायलॉनचं कापड उकळून घ्या आणि हातात नवे हातमोजे घाला. बाटली, झाकण, चमचे यांना ७० टक्के अल्कोहोल फवारून आपोआप वाळू द्या, पुसू नका. ९९ टक्केवालं जास्त कडक म्हणून जास्त चांगलं असं वाटतं, पण ते झटकन उडून जातं आणि जंतूंची प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतंच, म्हणून ७० टक्केच प्रभावी. गॅस पेटलेला असताना मात्र हे करू नका.

इतकं सगळं केलंत तरी त्याने फक्त सुरुवातीचा जंतूंचा आकडा कमी होतो. पुढे रोज बाटली उघडली जाणार, न्हाणीघरातली दमट हवा आत जाणार, ओली बोटं लागणार.

म्हणून आता प्रिझर्व्हेटिव्हकडे येते. घरी जेल करणाऱ्यांमध्ये सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट ही जोडी फार चालते, आणि तीच सगळ्यात जास्त वेळा वाया जाते, कारण पीएच (वस्तू किती आम्ल आहे याचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) कुणी मोजत नाही. बेंझोएट स्वतः काम करत नाही. आम्लात त्याचं बेंझोइक आम्ल होतं आणि तेच जंतूच्या पेशीत शिरतं. पीएच ४.२ असताना निम्मं बेंझोएट या कामाच्या रूपात असतं. ५.२ ला जेमतेम ९ टक्के उरतं, ६.२ ला सुमारे १ टक्का. म्हणजे पूड मापाने घातली, पण जेल सहाच्या आसपास राहिली, तर घातल्यासारखी आणि न घातल्यासारखी सारखीच. पीएच ४.५ च्या जवळपास आणा, पाचच्या वर जाऊ देऊ नका. केसांनाही हे किंचित आम्ल मानवतं. क्रम असा ठेवा: आधी बेंझोएट आणि सॉर्बेट जेलमध्ये पूर्ण विरघळवायचे, मग पाण्यात विरघळवलेलं सायट्रिक आम्ल थेंबाथेंबाने, ढवळत घालायचं. आम्लाची पूड थेट टाकली तर त्या जागी पांढरे कण धरतात. ते बेंझोइक आम्लच, पण आता पाण्याबाहेर पडलेलं, म्हणून निरुपयोगी. पीएच सगळं घालून झाल्यावर मोजा, कारण ही दोन्ही मिठं तो थोडा वर ढकलतात. आणि बेंझोएट असेल तिथे व्हिटॅमिन सी घालू नका, दोघांच्या संयोगातून थोडं बेंझीन तयार होऊ शकतं.

पीएचच्या या कटकटीत पडायचं नसेल तर फिनॉक्सिइथेनॉल आणि इथाइलहेक्झिलग्लिसरिन यांचं तयार द्रव मिश्रण मिळतं. नुसतं फिनॉक्सिइथेनॉल बुरशीवर जरा कमजोर पडतं, जोडीदारामुळे त्याचं काम सुधारतं. युरोपीय नियमांत फिनॉक्सिइथेनॉलची मर्यादा १ टक्का आहे. पुरवठादाराने दिलेलं प्रमाण पाळा, आणि ते वजनाने मोजा: २०० ग्रॅम जेलला १ टक्का म्हणजे २ ग्रॅम. त्यासाठी ग्रॅमचा दहावा भाग तरी दाखवणारा छोटा काटा हवा. चमच्याने आणि थेंबांनी मोजणं इथे खरंच चालत नाही. कमी पडलं तर जंतू वाढतात, जास्त झालं तर टाळू चुरचुरते. जेल ४० अंशांच्या खाली आली की हे घाला.

‘केमिकल नको’ ही भावना मला कळते, डोक्याला रोज लावायची वस्तू आहे. पण एक टक्का फिनॉक्सिइथेनॉलपेक्षा मला त्या बाटलीतल्या स्यूडोमोनासची जास्त भीती वाटते. हा जिवाणू नुसत्या डिस्टिल्ड पाण्यातसुद्धा वाढतो. स्प्रेचा फवारा किंवा केसांवरून ओघळलेलं पाणी डोळ्यात गेलं, आणि कॉन्टॅक्ट लेन्समुळे डोळ्याला आधीच ओरखडा असला, तर त्याने बुबुळावर गंभीर जखम होऊ शकते. टाळू खाजवून खरवडलेली असेल तर केसांच्या मुळांशी पुटकुळ्या येतात. लहान बाळं किंवा केमोथेरपी चालू असलेली माणसं यांच्यासाठी घरगुती पाणीदार वस्तू साठवून वापरूच नका.

प्रिझर्व्हेटिव्ह अजिबात नकोच असेल तर कमी करा, लगेच वापरा. जेल बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, एका वेळेपुरता तुकडा फ्रिजमध्येच वितळवा आणि उरलेलं परत गोठवू नका. नुसत्या फ्रिजमध्ये आठवड्याच्या पुढे मी जाणार नाही, थंडीने वाढ मंदावते, थांबत नाही. पूड, माती वगैरे कोरडी ठेवून वापरायच्या वेळीच कालवणं हा तर मला सगळ्यात निर्धोक मार्ग वाटतो. तेलात पानं घालायची असतील तर ती कडकडीत वाळवलेलीच घाला. ताज्या पानातलं पाणी तळाशी साचतं आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

जाता जाता एक, कारण हे घरोघरी होतं: विकतचा शाम्पू संपत आला की बाटलीत पाणी घालून हलवतात आणि तशीच आठवडाभर ठेवतात. पाणी घातलं की प्रिझर्व्हेटिव्हही पातळ झालं. पाणी घातलंत तर त्याच दिवशी संपवा.

ठिपके दिसायची वाट पाहू नका. सौंदर्यप्रसाधनांच्या आंतरराष्ट्रीय मानकात सर्वसाधारण वस्तूला दर ग्रॅमला १,००० जंतूंची मर्यादा आहे, आणि लाखोंच्या घरात गेले तरी ते डोळ्यांना दिसत नाहीत. जवसाच्या जेलमध्ये मी सगळ्यात आधी घट्टपणा बघते. काल बोटावर ताठ राहणारी जेल आज पाण्यासारखी ओघळत असेल, तर जंतूंच्या विकरांनी (एन्झाइम्सनी) साखरेच्या साखळ्या तोडायला सुरुवात केली आहे. वास आणि रंग त्यानंतर बदलतात. वरचा ठिपका चमच्याने काढून खालचं वापरू नका, बुरशीचे तंतू खोल गेलेले असतात.

मैत्रिणींना वाटायची किंवा विकायची असेल तर गोष्ट वेगळी. प्रयोगशाळेत पाच प्रकारचे जंतू मुद्दाम सोडून २८ दिवस वस्तू तपासतात. ती चाचणी झाल्याशिवाय दुसऱ्याच्या हातात बाटली देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

तुमच्याकडची आताची जेल आणि स्प्रे दोन्ही आजच टाकून द्या. काचेची बाटली साबणाने धुऊन, उकळून परत वापरता येईल. पंप आणि फवाऱ्याचं तोंड मात्र नवीनच घ्या, कारण आतली नळी आणि स्प्रिंग घरी पूर्ण साफ होत नाही आणि नवी जेल पहिल्याच दिवशी तिथून नासायला लागेल.