सीमाभागात आरोग्याचा निरोप पोचवताना

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आरोग्य-संवाद विभागात तुझी नेमणूक झाली आणि कामाला बेळगाव जिल्हा मिळाला, हे वाचून फार आनंद झाला. सुरुवात कुठून करू, असं विचारलंस. पोस्टरपासून करू नकोस. दिल्लीहून तयार मजकुराची फाईल येईलच. ती उघडण्याआधी ज्या गावांसाठी ती आहे, तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि औषधांच्या साठ्याची नोंदवही बघायला माग. आपण लोकांना जे करा म्हणणार, ते तिथे मिळतं का? केंद्रात झिंकच्या गोळ्याच नाहीत आणि गावात भोंग्यावरून 'जुलाब झाले तर झिंक द्या' असं ओरडून सांगितलं, तर आई कडेवर पोर घेऊन येते आणि रिकाम्या हाताने परत जाते. पुढच्या महिन्यात तिला लसीचा निरोप गेला, तर ती कशाला ऐकेल? साठा नसेल तर निरोप थांबव, आणि का थांबवला ते तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळव. हे सांगायचा तुला अधिकार आहे.

जुलाबाचंच उदाहरण जरा खोलात जाऊन बघू. 'एक पुडी, एक लिटर पाणी, चोवीस तासांत संपवा' हा ओआरएसचा ठरलेला निरोप. तो २०.५ ग्रॅमच्या पुडीसाठी बरोबर आहे. पण दुकानात २०० मिलिलिटर पाण्याची छोटी पुडीही मिळते. ती लिटरभर पाण्यात टाकली की द्रावण इतकं पातळ होतं की त्याचा उपयोग होत नाही. याच्या उलट चूक जास्त धोक्याची: मोठी पुडी पेलाभर पाण्यात कालवली, तर बाळाच्या रक्तातलं मीठ वाढतं आणि झटकेसुद्धा येऊ शकतात. पुडीतली थोडी-थोडी पावडर पेल्यात घालायची सवयही सगळीकडे आहे, त्यात प्रमाण कसं राहणार? म्हणून आशाताईंच्या बैठकीत दोन्ही पुड्या हातात घेऊन बस, त्यांवरचे आकडे बोटाने दाखव आणि लिटरच्या रिकाम्या पाण्याच्या बाटलीने माप करून दाखव. तांब्याने नको, तांबे घरोघरी वेगळे असतात. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्यावरच्या मुलाला १०० ते २००, चमच्याने किंवा घोटाघोटाने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, अजून सावकाश. झिंक सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०, आणि तेही पुरे चौदा दिवस. बहुतेक घरांत ते तिसऱ्या दिवशी थांबतं, कारण तोवर जुलाब थांबलेले असतात. तेव्हा 'चौदा दिवस' एवढंच सांगून भागत नाही. पुढचे दोन-तीन महिने जुलाब परत येऊ नयेत म्हणून ते द्यायचं, हे कारण त्याच वाक्यात यायला हवं.

आता सीमेबद्दल, कारण तुझ्या फाईलमध्ये ती कुठेच नसेल. कर्नाटकासाठी एक आराखडा असतो, महाराष्ट्रासाठी दुसरा, आणि माणसं दोन्हीकडे राहतात. सासर संकेश्वरला आणि माहेर गडहिंग्लजला, अशा बाईचं बघ. गरोदरपणाची नोंद हुक्केरी तालुक्यात, हातात कर्नाटकाचं तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या तपासण्या आणि लसींचं नोंदकार्ड. सातव्या महिन्यात ती माहेरी जाते, बाळंत तिथेच होते. बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस-बी तिकडच्या दवाखान्यात होतं. मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी येतात, आणि नेमकी याच काळात ती परत सासरी येते. इकडच्या आशाताईला वाटतं, तिकडे झालं असेल. तिकडच्या ताईला वाटतं, गेली ती. बाळ दोन्ही वह्यांतून निसटतं. यावर मोठी मोहीम लागत नाही. कार्डाच्या आतल्या बाजूला चिकटवायची एक चिठ्ठी कर, कन्नड आणि मराठी दोन्हींत: पुढच्या लसीची तारीख, दोन्हीकडच्या आशाताईंचे फोन, आणि एक ओळ, की देशात कुठल्याही सरकारी केंद्रात या लसी फुकट मिळतात. माहेरी जायच्या आधीच्या तपासणीलाच ती चिकटली पाहिजे.

मोहिमांच्या तारखाही दोन्ही राज्यांत वेगळ्या असू शकतात. गोवर-रुबेलाची मोहीम कर्नाटकात आणि गोव्यात फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाली, महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये. नऊ महिने ते पंधरा वर्षांपर्यंतची मुलं, शाळेशाळेत टोचणी. निपाणीच्या पोराला लस मिळाली आणि कागलातल्या त्याच्या मामेभावाला नाही, तर 'आमच्याच पोरांवर का?' हा प्रश्न उठणारच, आणि तो वेडगळ प्रश्न नाही. उत्तर सरळ आहे: देशभरातल्या सुमारे ४१ कोटी मुलांना एकाच वेळी टोचणं शक्य नसतं, म्हणून राज्यं टप्प्याटप्प्याने घेतात. हे उत्तर मोहिमेच्या आधी, पालकसभेतच द्यायचं असतं. व्हॉट्सॲपवर ध्वनिफीत फिरायला लागल्यावर दिलेलं उत्तर सारवासारव वाटतं. म्हणून प्रत्येक मोहिमेआधी कोल्हापूर, सांगली आणि सिंधुदुर्गाच्या जिल्हा आरोग्य कार्यालयांना फोन करून त्यांच्या तारखा लिहून घे.

भाषेबाबत कामाची पद्धत सांगते. आधी तथ्यांचा एकच कागद कर, वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तपासून घे, आणि त्यावरून कन्नड मजकूर कन्नड माणसाने, मराठी मजकूर इथल्याच मराठी माणसाने थेट लिहावा. खानापूरच्या बाईचं बोलणं आणि अथणीच्या बाईचं बोलणं एक नाही, दोघींना दाखव. सरकारी छापील साहित्यात कन्नड आधी येणार. कोणती भाषा कुठे, किती मोठी, हे जिल्हा आरोग्य कार्यालयाशी छपाईच्या आधी बोलून ठरव. फलक लागल्यावर यावरून वाद झाला तर लस बाजूला राहते. मराठी गावांत आवाजावर जास्त भर दे: आशाताईचं बोलणं, पंचायतीचा भोंगा, चित्रांची पुस्तिका. भोंग्याचा निरोप चाळीस सेकंदांचा, आणि तो असा:

'उद्या गुरुवारी सकाळी दहा ते दोन, मारुतीच्या देवळाजवळच्या अंगणवाडीत लसीकरण आहे. दीड महिन्यापासून दोन वर्षांपर्यंतची बाळं आणा. तायी कार्ड आणा. कार्ड हरवलं असेल तरी या. परत ऐका. उद्या गुरुवारी, सकाळी दहा ते दोन, मारुतीच्या देवळाजवळची अंगणवाडी.'

यात रोगाची माहिती नाही आणि ती लागतही नाही. भोंग्यावर वार, वेळ आणि जागा पोचली तरी पुष्कळ. 'कार्ड हरवलं असेल तरी या' ही ओळ मात्र कधी गाळू नकोस. ओरडा खावा लागेल या भीतीनेच कितीतरी आया येत नाहीत.

छपाईच्या आधी चाचणी. ज्यांच्यासाठी आहे अशा दहा-बारा जणांना, एकेकाला वेगळं, दाखव. 'समजलं का?' असं विचारू नकोस, सगळे 'होय' म्हणतात. अक्षरं हाताने झाकून चित्र दाखव आणि विचार, यात काय चाललंय? मग वाचून दाखव आणि विचार, आता तुम्ही उद्या काय करणार? तीन जण एकाच जागी अडखळले, तर ती जागा चुकली आहे असं धर आणि बदलून पुन्हा दाखव. या कामाला दोन दिवस लागतात. वेळापत्रकात ते आधीच लिहून ठेव, नाहीतर छपाईवाला 'आजच फाईल द्या' म्हणतो आणि चाचणी राहून जाते.

लस टोचल्यावर आईला चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली आणि ती कोणत्या रोगापासून वाचवते, पुढची कधी आणि कुठे, ताप किंवा सूज आली तर काय करायचं, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी आणायचं. त्यानंतर अर्धा तास तिथेच थांबवायचं. गर्दीत नर्सबाईंकडून यातली तिसरी गोष्ट हमखास सुटते, आणि रात्री ताप आला की आईला वाटतं, लसीने काहीतरी बिघडलं. पुढच्या लसीला ती येत नाही. तुझ्या हातात एकच गोष्ट करण्यासारखी असेल, तर या तिसऱ्या वाक्यावर मेहनत घे.

कधी खरोखर गंभीर घटना घडते. बाळ दगावतं किंवा दवाखान्यात दाखल होतं, आणि लस कालच झालेली असते. 'लसीचा काही संबंध नाही' असं चौकशीआधी कुणाच्याही तोंडून जाऊ देऊ नकोस. उद्या काहीही निष्पन्न झालं, तरी ते वाक्य आपल्यावर उलटतं. त्याच दिवशी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी बोलायचं: काय घडलं, काय अजून कळलेलं नाही, चौकशी कोण करतंय, कुटुंबाला काय मदत चालू आहे, आणि पुढची माहिती किती वाजता देणार. ती वेळ पाळायची, नवीन काही नसलं तरी. वार्ताहरांशी तू बोलायचं नाहीस. बेळगावची वृत्तपत्रं तुलाच फोन करतील, कारण संस्थेचं नाव मोठं. नम्रपणे अधिकाऱ्यांचा क्रमांक द्यायचा. आकडे एकाच ठिकाणाहून घ्यायचे आणि खाली तारीख-वेळ टाकायची, नाहीतर जिल्ह्याचा आकडा एक, राज्याचा दुसरा, आणि बातमी त्या फरकाचीच होते.

अफवांसाठी एक वही ठेव: तारीख, गाव, नेमके शब्द, कुठे ऐकलं, काय केलं. प्रत्येक अफवेला उत्तर देऊ नकोस. जिच्यामुळे लोक काही करायचं थांबताहेत, तिलाच द्यायचं, आणि उत्तराची सुरुवात खऱ्या गोष्टीने करायची. अफवा मथळ्यात लिहिलीस, तर ज्यांनी ऐकली नव्हती त्यांनाही ती कळते.

खानापूरच्या जंगलपट्ट्यात माकडतापाचं काम येईल. हा विषाणू गोचिडीतून येतो, १९५७ मध्ये शिवमोग्ग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला. २०१६ मध्ये गोव्यातल्या काजूबागांत मजुरीला गेलेली बेळगाव जिल्ह्यातली माणसं याने आजारी पडली. डिसेंबर ते मे हा त्याचा काळ आणि काजूचा हंगामही त्यातच येतो. 'जंगलात जाऊ नका' हा निरोप तिथे निरुपयोगी आहे, कारण चूल त्यावर चालते. अंगभर कपडे, आरोग्य खात्याने दिलेलं गोचीड दूर ठेवणारं तेल उघड्या अंगाला, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे उकळत्या पाण्यात, जंगलातला पाला गोठ्यात अंथरायचा नाही, मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता केंद्राला कळवायचं. आणि तापाचा माणूस दवाखान्यात गेला की त्याने 'काजूला गेलो होतो' हे डॉक्टरांना स्वतःहून सांगायचं. सगळ्यांत कमी सांगितली जाणारी गोष्ट हीच.

निपाणीत तंबाखूवर बोलताना विडी वळणाऱ्या बाईला अपराधी ठरवू नकोस. तिच्या खोकल्याबद्दल, वखारीतल्या धुळीबद्दल, कडेवरच्या बाळाबद्दल बोल, ऐकून घेईल.

चिकोडी-अथणीकडे ऊसतोड टोळ्या येतात तेव्हा त्यांची मुलं कुठल्याच आशाताईच्या यादीत नसतात. टोळी कुणाच्या फडात आहे हे कारखान्याच्या गट ऑफिसातल्या चिटबॉयला, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्याला, माहीत असतं. त्याला गाठ, मग टोळीच्या मुकादमाला. सकाळी दहाला खोप्यांवर गेलीस तर आया भेटणार नाहीत, त्या पहाटेच फडात गेलेल्या असतात. संध्याकाळचं सत्र मागून घे.

छायाचित्राला लेखी संमती घे, मुलाच्या बाबतीत आईबापांची. क्षयरोग किंवा एचआयव्ही असलेल्या माणसाचा चेहरा, नाव, गाव काहीच नको, त्याने होकार दिला तरी. गाव लहान असतं.

शेवटी पुराचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेने गावंच्या गावं पाण्यात घातली. तेव्हा छापखाना, वीज, रस्ता काहीच हाताशी नसतं. म्हणून मेअखेर मजकूर छापून पंचायतींत पोचलेला हवा. पाणीवाल्यासाठी टीसीएलचा, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरचा तक्ता: ३३ टक्के क्लोरीनची पावडर, हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम. विहिरीतलं पाणी मोजायला व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले ७८५, म्हणजे लिटर येतात. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर, पावडर ७० ग्रॅम. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं पाणीच विहिरीत सोडायचं. तासाभराने ओटी चाचणीत (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणाऱ्या) पिवळा रंग आला नाही तर आणखी घालायची, पुराच्या गढूळ पाण्याला जास्त लागतेच. पंचायतीच्या कोपऱ्यात उघडं पडलेलं पोतं वर्षभरात निकामी होतं, तेव्हा तक्ता द्यायला जाशील तेव्हा पोत्यावरची तारीखही बघून ये, आणि जुनं निघालं तर नव्या पोत्याची मागणी तिथेच बसून पंचायत अधिकाऱ्यांकडून लिहून घे.

कळावे, लोभ असावा.