हक्कसोड पत्रावर सही करू का?

प्रश्न: ताई, आम्ही करवीर तालुक्यातले. वडील वारले, मृत्युपत्र नाही. भाऊ म्हणतोय हक्कसोड पत्रावर सही कर, बहिणी करतातच की. मला मसाल्याचा कांडप कारखाना टाकायचाय आणि बँक तारण मागतीय. काय करू?

उत्तर: आधी सही थांबवा बघू! एकदा दुय्यम निबंधकाकडे हक्कसोड नोंदवलं की ते रद्द करायला कोर्टात वर्षं जातात. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित जमिनीत जन्मापासूनच मुलाइतका हक्क दिलाय, लग्न झालेलं असलं तरी, आणि 2020 ला सुप्रीम कोर्टानं तेच पक्कं केलं. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असली तरी मृत्युपत्र नाही म्हणजे तुम्ही वारस आहातच. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या, सातबाऱ्यावर नाव लागू दे, मग तारणाचं बोलता येईल, कारण बँक कागद बघते, तुमची हुशारी नाही.

पैशाच्या व्यवहारात बाईला अडवणं हे फक्त आपल्याकडंच नाही हं. फ्रान्समध्ये 1965 पर्यंत लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय स्वतःचं बँक खातं उघडता येत नव्हतं, अमेरिकेत कर्ज देताना बाई म्हणून भेदभाव करायला 1974 ला बंदी आली. तिथं कायदा आडवा होता, आपल्याकडं कायदा बाजूनं आहे पण घरातला दबाव सही करून घेतो, याचा मला फार राग येतो.

सुरुवात छोटी असेल तर मुद्रा कर्जाची चौकशी करा, त्याला तारण लागत नाही. आणि भाऊ ऐकत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही.