राबणाऱ्या घोड्याला रोज किती हरभरा द्यावा?

तुमच्या प्रश्नातला 'रोज' हा शब्दच घोड्याला मारतो, म्हणून लिहायला बसलो.

आमचे घोडे माथेरानला. गाड्या दस्तुरीला थांबतात, पुढचा रस्ता बऱ्याच जणांचा पायी नाहीतर घोड्यावर. खरं काम शनिवार-रविवारचं, मधल्या वारी जनावरं बहुतेक उभीच. तरी काका सातही दिवस मापट्यानं तेवढीच चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा, घालायचे, तीन किलोच्या आसपास हरभरा, वर कोंडा. "चंदीत हात आखडला की घोडं वाळतं" हे त्यांचं ठरलेलं. मी काही बोललो की, "घोडी मी पाळली, तू पुस्तकं वाचलीस."

एका शनिवारी आमची घोडी राणी चार दिवसांनी बाहेर पडली. पहिलंच गिऱ्हाईक घेऊन अमन लॉज स्टेशनपर्यंत आली आणि थिजली. घामाच्या धारा, मागचा पाय उचलेना, मागच्या पुठ्ठ्याला हात लावला तर लाकूड. काका म्हणाले पोटशूळ आहे, फिरवा. अर्धा तास फिरवली. मग ती मुतली, काळ्या कॉफीच्या रंगाचं. डॉक्टरांनी आल्या आल्या विचारलं, "हिला चालवली कुणी?" स्नायू तुटून त्यांचा रंग लघवीत उतरला होता. विलायतेत गाडीचे घोडे रविवारी उभे राहून पोटभर दाणा खायचे आणि सोमवारी असेच अडकायचे. तिथे याला सोमवारचाच आजार म्हणत. आमच्याकडे तो शनिवारी आला. राणी वाचली, पण दीड महिना खोगीर चढलं नाही. काका अजून म्हणतात नजर लागली.

हिशोब असा. 300 किलोच्या घोड्याला नुसतं उभं राहायला दिवसाला साधारण 10,000 किलोकॅलरी लागतात, हलक्या कामाला 12,000, मध्यमला 14,000, जड कामाला 16,000. किलोभर वाळलं गवत 1,800 ते 2,000 देतं. म्हणजे पाच-सहा किलो गवतावर उभ्या घोड्याचं भागतं, त्याला दाणा जवळजवळ नकोच. कामाच्या दिवशी किलो-दीड किलो दाणा, तोही दोन-तीन तोबऱ्यांत, म्हणजे दोन-तीन वेळा विभागून. घोड्याचं पोट लहान आणि त्याला ओकता येत नाही. सुट्टीला दाणा तोडा, गवत कधीच तोडू नका. दाणा पुन्हा वाढवायचा तो कामामागून, कामाच्या आधी नाही. ताकदीसाठी हरभराच हवा हाही हट्ट आहे, ओट चालतो, थोडं तेलही चालतं.

हे आकडे आमच्या लहान चणीच्या घोड्यांचे. तुमचं जनावर 400 किलोचं असेल तर त्या मानानं वाढवा. गाभण आणि दूध पाजणाऱ्या घोडीचा हिशोब वेगळा, तो डॉक्टरांकडून घ्या. आणि घोडं असं अडकलं तर जागेवरच उभं ठेवा, पाणी दाखवा, डॉक्टरांना बोलवा. घरातलं मोठं माणूस फिरवा म्हणालं तरी फिरवू नका.