पाटीवरचा ‘डॉ.’ आणि गवती चहाचं तेल

प्रश्न : मुलगी बडोद्याला टी.वाय. बी.एस्सी.ला आहे, विषय रसायनशास्त्र, ६८ टक्के. नीट दोनदा हुकली. आता निदान पीएचडी करून नावापुढे डॉक्टर लागावं, असं आम्ही ठरवलं आहे. सुगंधी तेलांवरचं संशोधन सोपं असतं म्हणतात. जीसी-एमएस मशीनमध्ये तेल घातलं की घटकांची यादी छापून येते. पण तिला गांभीर्यच नाही. परसातल्या गवती चहाचं तेल काढायचं साधं प्रॅक्टिकल, तेही तिने तीनदा केलं. गाइड कोणता बघावा?
(पत्र संक्षिप्त केलं आहे.)
– एक पालक, दांडिया बाजार

उत्तर : तुमच्या मूळ पत्रात ‘आम्ही ठरवलं’ तीनदा आलंय. मुलगी काय म्हणते, ते एकदाही नाही. गाइडपेक्षा मला याचीच काळजी वाटते.

डॉक्टरकी हुकली म्हणून डॉक्टरेट, हा हिशेब मी फार वेळा ऐकते. दारावरच्या पाटीला दोन्ही ‘डॉ.’ सारखेच. रात्री उशिरापर्यंत प्रयोगशाळेत बसणाऱ्या पोरीला ते सारखे नसतात. नीट देण्याची हौस तरी तिची होती का? दोनदा हुकल्याचं ओझं उतरायच्या आत तुम्ही निदान चार-पाच वर्षांचं दुसरं तिच्या डोक्यावर ठेवताय, आणि पाटी मात्र तुमच्या दारावरची. कडक वाटेल, वाटू दे.

मशीन यादी छापतं, हे खरं. पण ती यादी हा अंदाज असतो. विरळ केलेलं थेंबभराहूनही कमी तेल साधारण तीस मीटर लांब, पाव मिलिमीटर पोकळीच्या नळीतून जातं. घटक आपापल्या वेळेला बाहेर पडतात, पुढे त्यांच्या रेणूंचे तुकडे होतात आणि संगणक ते तुकडे साठवलेल्या नमुन्यांशी ताडून बघतो. घोळ इथेच होतो. अल्फा-पायनीन, सॅबिनीन, मिर्सीन, सगळ्यांचं रेणुवस्तुमान १३६, तुकडेही बरेचसे तेच, ९३ची रेघ तिघांतही ठळक. संगणक छातीठोकपणे चुकीचं नाव देऊन मोकळा होतो. म्हणून त्याच नळीतून अल्केनची (एकेका कार्बनने वाढत जाणाऱ्या साध्या हायड्रोकार्बनांची) मालिका सोडायची, त्यांच्या वेळांमध्ये आपल्या घटकाचं शिखर (आलेखातला उंचवटा) कुठे बसतं त्याचा निर्देशांक काढायचा (ही रीत कोवाट्स यांनी १९५८मध्ये दिली) आणि मग नाव लिहायचं. भेसळीचा संशय असेल तर आणखी पुढे. लिनॅलूल या सुगंधी घटकाच्या रेणूची डाव्या-उजव्या हातासारखी, आरशातली दोन रूपं असतात. खऱ्या लव्हेंडर तेलातलं लिनॅलूल जवळजवळ सगळं एकाच हाताचं असतं. कारखान्यात केलेलं डावं-उजवं निम्मंनिम्मं. साध्या कॉलमवर, म्हणजे त्या नळीत, दोन्ही एकाच जागी येतात, त्यांना वेगळं करणारा कायरल कॉलम लागतो. मशीनवर विश्वास न ठेवणं, हाच या कामातला मोठा भाग आहे.

आता तुम्ही तक्रार म्हणून लिहिलेली ओळ. तीनदा का केलं, विचारलंत? क्लेव्हेंजरच्या (वाफेसोबत आलेलं तेल गोळा करून मोजायच्या) नळीत शंभर ग्रॅम ताज्या पातीचं जेमतेम अर्धा मिलीलिटर तेल जमतं. वाचताना एक रेघ चुकली की टक्केवारी कुठल्या कुठे जाते. पात ओली होती की दिवसभर सुकलेली, यानेही आकडा हलतो. माझा अंदाज, पहिल्या आकड्यावर तिचा विश्वास बसला नाही. अख्ख्या पत्रात ती संशोधनाकडची आहे असं दाखवणारी एवढी एकच गोष्ट, आणि ती तुम्ही तिच्याविरुद्ध मांडलीत.

तेव्हा आत्ता गाइड नको. एम.एस्सी. करू द्या, शक्यतो विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात. जॅम, नेट, गेट या परीक्षांच्या वाटा तिच्या वर्गात सगळ्यांना पाठ असतात. नेटमधून जेआरएफ (संशोधन करणाऱ्यांची शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, म्हणजे खर्चाची धास्ती नको. आणंदजवळ बोरियावीला औषधी व सुगंधी वनस्पतींचं केंद्र सरकारचं संशोधन संचालनालय आहे. लखनौला सीमॅप ही औषधी-सुगंधी वनस्पतींवरची संशोधन संस्था आहे, तिथे याच तेलांवर काम चालतं. सुट्टीत प्रोजेक्टसाठी तिने स्वतः अर्ज करावा, तुम्ही ओळख काढून नव्हे. दोन महिने मशीनपाशी बसून कंटाळली, तरी बिघडत नाही. हे जीसी मशीन हाताळता येणाऱ्या एम.एस्सी.ला औषध आणि सुगंध कंपन्यांच्या प्रयोगशाळांत काम मिळतं. त्यांना पाटी लागत नाही.

पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ दे. त्यात ‘पीएचडी नको’ असलं तरी चालेल. तिन्ही वेळा तेल किती किती आलं, ते आकडे मात्र तिला लिहायला सांगा.