१९५० च्या दशकातली, फारशा माहीत नसलेल्या खेळाडूंची बेसबॉल कार्डं कमी खर्चात कशी जमवावीत?

तुम्ही विचारलंय की न्यू जर्सीत राहून जुनी बेसबॉल कार्डं जमवायची आहेत, मिकी मँटलसारख्या नामांकित खेळाडूच्या वाट्याला जाण्याइतका पैसा नाही, मग मागच्या फळीतल्या खेळाडूंपासून सुरुवात कशी करायची, नकली माल कसा ओळखायचा आणि ग्रेडिंग (म्हणजे कंपनीकडून कार्डाची अवस्था तपासून १ ते १० मधला दर्जा ठरवणं) करून घ्यावं का.

आधी विषय ठरवा, मग कार्ड घ्या. स्वस्त दिसलं की उचललं, असं केलंत तर वर्षभरात खोकाभर पुठ्ठा जमेल, संग्रह होणार नाही. अख्ख्या सेटच्याही, म्हणजे एका वर्षाच्या सगळ्या कार्डांच्याही, मागे लागू नका. संग्राहक साध्या खेळाडूच्या कार्डाला 'कॉमन' म्हणतात, पण कॉमनची किंमत खेळाडूइतकीच कार्डाच्या क्रमांकावरही ठरते. टॉप्स कंपनी १९७३ पर्यंत आपली कार्डं हंगामभर टप्प्याटप्प्यानं विकायची. शेवटचा टप्पा दुकानात येईपर्यंत पोरांचं लक्ष अमेरिकन फुटबॉलकडे वळलेलं असायचं, त्यामुळे शेवटचे क्रमांक कमी खपले आणि कमी उरले. १९५२ च्या ४०७ कार्डांमध्ये ३११ पासून पुढचा कुठलाही अनोळखी गडी महागच मिळतो. १९५७ मध्ये उलटं आहे, तिथे मधला २६५ ते ३५२ हा टप्पा दुर्मीळ. विकत घेण्याआधी क्रमांक कुठल्या टप्प्यात पडतो ते बघायची सवय लावून घ्या.

विषय म्हणून मी एकच सुचवेन: तेव्हाच्या १६ मेजर लीग संघांचा प्रत्येकी पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. १९४७ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सकडून जॅकी रॉबिन्सन उतरला, आणि १९५९ च्या जुलैत बोस्टन रेड सॉक्सनं पम्प्सी ग्रीनला घेतलं तेव्हा कुठे सोळावा संघ पूर्ण झाला. रॉबिन्सन सगळ्यांना माहीत असतो. बाकीच्यांपैकी बरेच जण अमेरिकन चाहत्यांनाही आठवत नाहीत, आणि म्हणूनच त्यांची कार्डं आवाक्यात आहेत. रॉबिन्सनचं कार्ड सर्वांत शेवटी घ्या, १९५६ चं, कोपरे झिजलेलं असलं तरी चालेल.

बॉब ट्राइस घ्या. फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सचा पिचर (चेंडू फेकणारा), सप्टेंबर १९५३ मध्ये पहिला सामना. १९५४ ची सुरुवात त्यानं चांगली केली आणि मग स्वतःहून मागणी केली की मला परत ऑटावाच्या मायनर लीग (खालच्या पातळीच्या) संघात पाठवा, तिथे खेळायला जास्त मजा येते. मेजर लीगमधली एकूण कमाई ९ विजय, ९ पराभव. त्याचं १९५४ चं टॉप्स कार्ड मिळतं. पिट्सबर्गचा कर्ट रॉबर्ट्स १९५४ मध्ये पहिल्याच फलंदाजीत रॉबिन रॉबर्ट्ससारख्या दिग्गज पिचरला ट्रिपल (एका फटक्यात तिसऱ्या बेसपर्यंत) मारून गेला, पण पुरा हंगाम त्याला एकच मिळाला. बोस्टन ब्रेव्ह्जचा सॅम जेथ्रो १९५० मध्ये ३३ व्या वर्षी 'रुकी ऑफ द इयर' (वर्षातला सर्वोत्तम नवोदित) झाला. त्या आणि पुढच्या वर्षी नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक बेस त्यानंच चोरले. त्याची बोमन कंपनीची कार्डं शोधा. वॉशिंग्टनच्या कार्लोस पॉलासाठी १९५५ टॉप्स, डेट्रॉइटच्या ऑझी व्हर्जिलसाठी १९५७ टॉप्स (हे जायंट्सकडून खेळत असतानाचं) आणि ग्रीनसाठी १९६० टॉप्स.

दोन ठिकाणी निर्णय तुम्हालाच घ्यावा लागेल. शिकागो कब्जनं १९५३ मध्ये जीन बेकर आणि अर्नी बँक्स दोघांनाही आणलं. बेकरला दुखापत होती म्हणून बँक्स ३ दिवस आधी मैदानात उतरला. बँक्सचं १९५४ चं टॉप्स कार्ड तुमचं सगळं बजेट खाईल, तेव्हा बँक्स नंतरच्या एखाद्या वर्षाचा घ्या आणि शेजारी बेकर ठेवा. सिनसिनाटीत निनो एस्कलेरा आणि चक हार्मन एकाच सामन्यात लागोपाठ फलंदाजीला आले, एस्कलेरा आधी. हार्मनचं १९५४ चं टॉप्स सोपं आहे.

फिलाडेल्फिया फिलीजच्या जॉन केनेडीपाशी मात्र सावध राहा. हा १९५७ मध्ये ५ सामने खेळला आणि त्याची मेजर लीगमधली कारकीर्द संपली. शोधताना १९६० च्या दशकातली जॉन केनेडी नावाची भरपूर कार्डं समोर येतील. तो वेगळाच इनफिल्डर आहे, १९६२ ते १९७४ खेळलेला. विक्रेतेही इथे गफलत करतात.

आता खरं-खोटं. कॉमनची नक्कल करण्याच्या भानगडीत कोणी फारसं पडत नाही. धोका असतो तो अधिकृत पुनर्मुद्रणांचा आणि कापाकापीचा. टॉप्सनंच १९५२ चा सेट १९८३ मध्ये, १९५३ चा १९९१ मध्ये आणि १९५४ चा १९९४ मध्ये पुन्हा छापला. हे सगळे आजच्या मापाचे, २ १/२ × ३ १/२ इंच. मूळ १९५२ ते १९५६ ची टॉप्स कार्डं २ ५/८ × ३ ३/४ इंच असतात. १९५७ पासून लहान झाली. तेव्हा फोटोवर विश्वास न ठेवता माप विचारा. मूळ १९५० च्या बोमनचं माप तर जेमतेम २ १/१६ × २ १/२ इंच आहे.

कार्ड हातात आलं की त्याच सेटच्या दुसऱ्या कार्डावर ठेवून चारही कडा जुळवा. एखादी कड १/३२ इंचानं कमी भरली, बाकीच्या कडा मळकट असताना ती एकटीच पांढरीशुभ्र दिसली किंवा किंचित लाटेसारखी गेली, तर झिजलेले कोपरे लपवायला कोणीतरी पातं चालवलंय. फक्त लहान भरणं हा मात्र पुरावा नव्हे, कारखान्यातही कापणी डावी-उजवी व्हायची. १० पट भिंगातून नावाची काळी अक्षरं बघा: मूळ छपाईत ती सलग भरीव असतात, स्कॅन करून छापलेल्या नकलेत अक्षरांतही रंगीत ठिपके दिसतात. दिव्याखाली कार्ड तिरकं धरल्याशिवाय बारीक घडी दिसत नाही, म्हणून ऑनलाइन घेताना तिरक्या उजेडातला एक फोटो आणि मागच्या बाजूचा एक मागवा. मागे अल्बमच्या गोंदानं कागद सोलला गेला असेल तर पुढची बाजू कितीही सुंदर असो, किंमत निम्म्याच्या खाली यायला हवी.

ग्रेडिंग नको. पीएसए किंवा एसजीसी या ग्रेडिंग कंपन्यांकडे पाठवण्याचा खर्च बहुतेक वेळा कॉमनच्या किमतीपेक्षा जास्त होतो. कोणी आधीच ग्रेड केलेलं ३ किंवा ४ चं कार्ड सुट्याच्या भावात विकत असेल तर जरूर घ्या, आणि वरच्या लेबलचा क्रमांक कंपनीच्या साइटवर तपासा. सुटं घेताना ३ ते ५ च्या तोडीचं बघा: कोपरे गोलावलेले, पण चित्र स्वच्छ, मोठी घडी नाही. भाव ठरवताना ईबेवर विक्रेत्यानं मागितलेली किंमत बघू नका, 'सोल्ड' हा फिल्टर लावून प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या किमती बघा.

ठेवण्यासाठी आधी पातळ प्लास्टिकची स्लीव्ह, मग टॉपलोडर (कडक प्लास्टिकचं पाकीट). १९५२-५६ ची टॉप्स नेहमीच्या ९ कप्प्यांच्या पानात बसत नाहीत, जबरदस्तीनं घातली तर कोपरे जातात; त्यांच्यासाठी ८ कप्प्यांची पानं मिळतात. जुने पीव्हीसीचे अल्बम टाळा, त्यांचं प्लास्टिक कालांतरानं चिकट होऊन छपाई धरून ठेवतं. रबर बँड तर नकोच. १९५२ चं क्रमांक १ चं कार्ड, अँडी पॅफ्कोचं, चांगल्या स्थितीत इतकं महाग का? पोरं गठ्ठा क्रमानं लावून रबर बांधायची आणि सर्वांत वर पॅफ्को असायचा.

कारकिर्दीचा शोध घ्यायला कार्डाची पाठ पुरत नाही. १९५७ मध्ये टॉप्सनं पहिल्यांदा वर्षवार पूर्ण आकडे छापले, त्याआधी फक्त मागचं वर्ष आणि एकूण बेरीज. जन्मसाल तर पडताळल्याशिवाय धरूच नका, वय कमी सांगायची तेव्हा रीतच होती. आकड्यांसाठी बेसबॉल-रेफरन्स, आणि माणूस समजून घ्यायला सेबर या संशोधक संस्थेच्या साइटवरची चरित्रं, तीही फुकट. जेथ्रोच्या क्लीव्हलँड बकाईजमधल्या किंवा रॉबर्ट्सच्या कॅन्सस सिटी मोनार्क्समधल्या निग्रो लीगच्या (वर्णभेदाच्या काळातल्या कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगच्या) नोंदी जुन्या छापील संदर्भांत शोधत बसू नका. मेजर लीगनं त्या अधिकृत आकडेवारीत २०२४ मध्ये घेतल्या, त्यामुळे ऑनलाइन पानंच ताजी आहेत.