ग्रेट लेक्सच्या तळाची लाकडी जहाजं वर का काढत नाहीत?

तुम्ही विचारलंय की ग्रेट लेक्सच्या, म्हणजे अमेरिका-कॅनडा सीमेलगतच्या गोड्या पाण्याच्या पाच प्रचंड सरोवरांच्या तळाशी दीडशे वर्षांपूर्वीची लाकडी जहाजं अजून शाबूत आहेत, तर ती वर काढून संग्रहालयात का ठेवत नाहीत. एकदा ते करून पाहिलंय, आणि त्यात जहाजच गेलं.

आधी ती टिकतात कशी ते सांगतो. समुद्रात लाकूड पोखरणारा एक जीव असतो, शिपवर्म. दिसायला अळी, पण कुळ शिंपल्याचं. गोड्या पाण्यात तो जगत नाही. शिवाय खोल तळाशी पाणी जवळजवळ बारा महिने ४ अंशांच्या आसपास, आणि तिथवर लाटा पोचत नाहीत. म्हणून १८७५ साली मिलवॉकीहून गहू भरून निघालेलं 'कॉर्नेलिया विंडिएट' ह्युरॉन सरोवरात सुमारे १८० फुटांवर आजही सरळ बसलेलं आहे, डोलकाठ्या उभ्या. काठाजवळच्या जहाजांचं नशीब असं नसतं. लाटा आणि हिवाळ्यातला बर्फ त्यांच्या फळ्या करून टाकतात.

आता 'अल्विन क्लार्क'. दोन डोलकाठ्यांचं हे शिडाचं जहाज १८६४ च्या वादळात मिशिगन सरोवराच्या ग्रीन बे भागात बुडालं. १९६७ मध्ये एका मच्छीमाराचं जाळं खाली अडकलं, ते सोडवायला उतरलेल्या पाणबुड्याला, फ्रँक हॉफमनला, ते सापडलं. त्याने आणि सोबत्यांनी खपून १९६९ मध्ये ते वर आणलं. पाणी उपसल्यावर ते चक्क तरंगलं! मिशिगन राज्यातल्या मेनॉमिनी गावात लोक ते बघायला येऊ लागले.

घात झाला तो वाळण्याने. इतकी वर्षं भिजलेल्या लाकडाच्या पेशी आतून पोखरलेल्या असतात, त्यांचा आकार धरून ठेवतं ते आतलं पाणी. ते उडालं की पेशी मिटतात, फळी आक्रसते, तडकते, मग कुजते. स्वीडनने १९६१ मध्ये 'वासा' हे बुडालेलं जुनं लढाऊ जहाज वर काढलं तेव्हा सतरा वर्षं त्याच्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे लाकडात पाण्याची जागा घेणारं मेणासारखं रसायन, फवारलं, त्यासाठी सरकारी तिजोरी मागे होती. क्लार्कच्या मागे कोणीच नव्हतं. उघड्यावर झिजत राहिलं, आणि १९९४ मध्ये ते मोडून टाकलं. मला याचं अजून वाईट वाटतं. चांगल्या मनाने केलेलं काम होतं ते.

खाली ठेवलं म्हणजे सुरक्षित, असंही आता म्हणवत नाही. मालवाहू जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून (तोल राखायला जहाजात भरतात ते) आलेले झेब्रा आणि क्वागा शिंपले फळ्यांवर थरावर थर चढतात. ह्युरॉन सरोवराकाठच्या अल्पिना गावी काचेच्या तळाच्या बोटीतून एक जहाज पाहिलं, तर लाकूड जेमतेम दिसत होतं, बोटाच्या पेराएवढ्या शिंपल्यांनी कडा झाकून गेलेल्या. त्यामुळे हल्ली जहाजांचे हजारो फोटो जोडून त्रिमितीय नोंदी करून ठेवतात.

तुम्ही तिकडे जाणार असाल तर अल्पिनाची ती बोट चुकवू नका, उन्हाळ्यातच चालते. डायव्हिंग येत असेल तर जरूर उतरा, पण खालचा खिळासुद्धा उचलायचा नाही. कायद्याने गुन्हा आहे.