रंग कपाटात आणि मी बँकेत

प्रश्न: ताई नमस्कार. मी 43 वर्षांची, डोंबिवलीला राहते, फोर्टला एका बँकेत नोकरी. शाळेत असताना इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड होती, जेजे कला महाविद्यालयात जायचं होतं, पण घरच्यांनी बीकॉम करायला लावलं, असो. दोन वर्षांपूर्वी जलरंगाचा वीकेंड क्लास केला आणि परत चटक लागली. आर्टिस्ट क्वालिटीच्या ट्यूब घेतल्या, 300 जीएसएमचा जाड कॉटन पेपर घेतला, तो अजून कपाटावर तसाच पडलाय. घरी यायला रात्रीचे आठ वाजतात. नवरा म्हणतो रविवारी काढत जा की, पण रविवार इडलीचं पीठ, सासूबाईंची औषधं, मुलाचा क्लास यातच जातो. क्लासमधल्या बाकीच्यांची चित्रं ग्रुपवर दिसली की पोटात कालवतं. खरी ओढ असती तर वेळ काढलाच असता ना, असं वाटतं. सोडून देऊ का?

उत्तर: चित्र सोडू नका, रविवार सोडा.

मी स्वतः 29 वर्षं ऑफिसात काढली आणि त्यातली पहिली आठ-नऊ वर्षं रविवारची वाट बघण्यात घालवली, म्हणून हक्काने सांगते. रविवारचे तीन तास मिळाले की आपण ते तीन तास वसूल करायला बसतो, मोठा कागद घेतो, आणि सहा दिवस हात न चाललेला असतो त्यामुळे आकाशाचा पहिलाच वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, डागाळतो, मग चिडचिड, मग पुढचा रविवार पाहुण्यांचा. ओढ नाही वगैरे काही नसतं हो. ओढ नसती तर पोटात कालवलं नसतं.

आमच्याकडे खरा घोळ होता मांडामांडीचा. जेवणाचं टेबल एकच, म्हणजे आधी वर्तमानपत्र पसरा, रंग काढा, पाणी आणा, फडकं शोधा, की तेवढ्यात कोणीतरी विचारणार, जेवायला कधी बसायचं? वीस मिनिटं मांडण्यात आणि पंधरा आवरण्यात, मग चित्राला उरणार काय. एके दिवशी वैतागून मी माळ्यावरची जुनी पितळी परात खाली काढली, लग्नात आलेली, कणीक मळायला फार मोठी म्हणून कधी न वापरलेली. त्यात पॅलेट, दोन ब्रश (एक आठ नंबरचा गोल, एक चपटा), कान तुटलेला कप, यांचा जुना बनियन पुसायला, आणि मधोमध कार्डबोर्डवर टेपने चिकटवलेला कागद. कुणी जेवायला आलं की अख्खी परात उचलायची आणि पलंगाखाली सरकवायची. झालं. दुसऱ्या दिवशी ओढली की चित्र होतं तिथून सुरू. माझी निम्म्याहून जास्त चित्रं त्या परातीत झालीत, आणि तिचा काठ वर असल्याने पाणी सांडलं तरी चादरीवर जात नाही हा बोनस.

दुसरं म्हणजे तो कपाटावरचा कागद. फुल शीट 22 बाय 30 इंचाचं असतं, ते बघून कोणालाही धडकी भरेल. चार वेळा अर्ध्यात दुमडून फाडा, सोळा तुकडे होतात, साधारण साडेपाच बाय साडेसात इंचाचे. महागाचा कागद फाडताना पहिल्यांदा जीव जातो, मला माहितीये. पण सोळातले बारा बिघडले तरी तुमच्याकडे चार चित्रं असतात, आत्ता शून्य आहेत.

आणि जलरंग हे संसाराला सगळ्यात सोयीचं माध्यम आहे असं माझं ठाम मत आहे, कारण त्यात थांबावंच लागतं. पहिला हलका वॉश मारला की तो पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा थर टाकता येत नाही, घाईने टाकला की चिखल. मग सकाळी चहा ठेवला की वॉश मारा, तो वाळेपर्यंत डबे भरा, निघायच्या आधी पाच मिनिटांत झाडांचा थर टाका, रात्री आल्यावर गडद सावल्या. एका छोट्या चित्राला असे तीन-चार वेळा हात लागले की पुष्कळ झालं. पावसाळ्यात हे गणित बिघडतं, वॉश तासन्‌तास ओला राहतो, तेव्हा हेअर ड्रायर घ्या नाहीतर नुसतं पेन्सिलवर काम करा. उठताना कागदाच्या मागे पुढची पायरी पेन्सिलने लिहून ठेवायची, ‘डावीकडच्या छपराची सावली, निळा कमी’. रात्री दमून आल्यावर विचार करायला डोकं नसतं, पण लिहिलेलं करायला हात असतात.

लोकलमध्ये स्केच करा असा सल्ला मी देणार नाही. असा सल्ला देणारे बहुतेक कधी डोंबिवलीहून सकाळच्या गाडीत चढलेले नसतात.

नोकरी आणि कला यांचं वाकडंच असतं असंही समजू नका. चित्रकार प्रभाकर बरवे सरकारी विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते. साठच्या दशकात ते कामानिमित्त बनारसला राहिले आणि तिथे तंत्रकला, म्हणजे तांत्रिक साधनेतली चित्रं, बघितली, ती पुढे त्यांच्या चित्रांत उतरली, म्हणजे नोकरीनेच त्यांना तिथे नेलं. आणि ते डायऱ्या भरत राहिले, छोटी रेखाटनं, टिपणं, सुचलेलं काहीबाही. आपण बरवे नाही हे कबूल, पण डायरी तर आपणही घेऊ शकतो ना. बँकेची फुकट मिळते ती घ्या, कागद पातळ असतो, चांगलं चित्र काढायचं दडपणच येत नाही.

नवऱ्याला एकच सांगा, पलंगाखालचं कोणी आवरायचं नाही.

प्रश्न: मी 24, पुण्यात आयटीत. रोज एक स्केच काढून इन्स्टावर टाकायचं चॅलेंज घेतलं, 70 दिवस केलं, आता वही बघितली तरी कंटाळा येतो. लाइक्स पण कमी झालेत. काय करू?

उत्तर: अरे, एक नोकरी असताना तू दुसरी अंगावर घेतलीस आणि तिचे बॉस अनोळखी लोक आहेत. महिनाभर काढ पण टाकू नकोस. चंदीगडचे नेकचंद सरकारी खात्यात रोड इन्स्पेक्टर होते, ड्यूटी संपली की फुटक्या बांगड्या, तुटकी भांडी, बांधकामाचा भंगार गोळा करून जंगलात गुपचूप मूर्ती करायचे, वर्षानुवर्षं, आणि जागा सरकारी असल्याने ते कोणाला दाखवणं शक्यच नव्हतं. त्या मूर्तींचं रॉक गार्डन लोकांसाठी उघडलं ते 1976 साली. तुला एवढं लपून काही करायचं नाहीये, फक्त एक वही अशी ठेव जिचा फोटो काढायचा नाही.

प्रश्न: पावसाळ्यात माझ्या पॅलेटमधल्या रंगांवर पांढरी बुरशी येते. रंग फेकून द्यावे का? (रत्नागिरी)

उत्तर: कोकणात हे व्हायचंच, रंगात डिंक असतो आणि काही कंपन्या मधही घालतात, बुरशीला तेवढंच हवं असतं. काम झालं की झाकण लगेच लावू नका, रात्रभर फॅनखाली उघडं ठेवा, पूर्ण वाळलं की मगच बंद. आलेली बुरशी वरच्या थरासकट खरवडून टाका, घाण वास येत असेल तर तेवढा रंग काढून तो खण साबणाने धुवा, बाकीचे चालतील. पाणी रोज बदला. आणि डबी फ्रिजमध्ये ठेवायची आयडिया करू नका, आतमध्ये ओल धरते, शिवाय आमच्याकडे सॅप ग्रीनला पुदिन्याची चटणी समजून एकदा सँडविचला लागायचं थोडक्यात वाचलंय.